कुंदनची नवी हार्ड डिस्क

पनवेलला लाइन आळीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विक्री कमी, दुरुस्ती जास्त आणि फुकटचे सल्ले त्याहून जास्त. आलेलं गिऱ्हाईक नीट टेकायच्या आधी विचारतं, "फास्टवाली हार्ड डिस्क टाकली तर कॉम्प्युटर पळेल का हो?" मी म्हणतो, "पळवून कुठे न्यायचाय?" काहींना राग येतो. येऊ दे. दिवसभर कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव मांडून बसणाऱ्याचा तो दोन मिनिटं लवकर सुरू झाला, तर त्याच्या हाती असं काय घबाड लागणार आहे?

कुंदनचं तसं नव्हतं. त्याला खरोखर गरज होती, आणि नेमका तोच घेत नव्हता.

कुंदन कोळी हा मिक्सिंगवाला. म्हणजे लग्नाचं शूटिंग दुसरा करतो, आणि ते कापून, जोडून, त्यात गाणी भरून डीव्हीडी करतो तो हा. आमच्या पनवेल-उरणच्या गावांतलं लग्न म्हणजे जत्राच. हळदीला सगळा गाव, मांडवात सगळा गाव, आणि वरातीत हा गाव अधिक शेजारचा गाव. दोन-दोन कॅमेरे दिवसरात्र चालू. ते सगळं शूटिंग बघत बसायचं म्हटलं तर बघणाऱ्याचं स्वतःचं लग्नाचं वय उलटून जाईल. कुंदनचं जवळजवळ तेच झालं होतं. पस्तिशी गाठली होती, डोळ्यांवर जाड चश्मा चढला होता आणि पुढच्या केसांनी रजा घ्यायला सुरुवात केली होती.

उरण नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत मागच्या बाजूला त्याची खोली. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून खिडकीला काळा कागद चिकटवलेला. तिथेच काम, तिथेच झोप, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी. बाप कोळीवाड्यातला, खाडीत होडी घालणारा. खाडीतली मासळी गेली तसा तो बंदराच्या कामाला लागला, आणि काही वर्षांनी गेला. मागोमाग आई गेली. कोळीवाड्यातलं घर चुलत्याचं आणि याचं सामाईक होतं. चुलत्याची मुलं मोठी झाली, त्यांच्या बायका आल्या, घर मात्र तेवढंच राहिलं. मग हा आपणहून बाहेर पडला. भांडण नाही, तंटा नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "तिकडं मानसं जास्त झाली, शेठ." मी काही शेठबिठ नाही, पण पनवेलला दुकानात बसलेल्या कुणालाही शेठ म्हणतात.

या माणसाला निदान तीस गावांतली माणसं तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही त्याला ओळखत नव्हतं. एकदा मी त्याच्याबरोबर मासळी बाजारात गेलो होतो. एका कोळणीपुढे हा थांबला आणि हसून म्हणाला, "मावशी, गुडघा कसा हाय आता? मुलीच्या हलदीत लय नाचलात." ती बाई हातातला कोयता तसाच धरून बघत राहिली. "तू कोन रं? आन माजा गुडघा तुला कुनी सांगितला?" हा गोरामोरा झाला. त्याने महिनाभर तिला रोज बघितलं होतं, ती नाचता नाचता गुडघा धरून खाली बसली तेवढा तुकडा त्यानेच हलक्या हाताने काढून टाकला होता. तिने मात्र त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. परत येताना मी खूप हसलो. तो हसला नाही.

त्याच्या धंद्यात एक पद्धत आहे. मिक्सिंग चालू असताना लग्नघरचं एक माणूस शेजारी येऊन बसतं, माणसं ओळखून द्यायला. आहेराची रांग इतकी लांब असते की सगळी दाखवली तर डीव्हीडीत नवरा-नवरी सापडायची नाहीत. कोण सख्खा मामा, कोण नुसता मामा म्हणवणारा, कुणाला ठेवायचं आणि कुणाला गाळायचं, हे घरच्याशिवाय कोण सांगणार? चूक झाली तर निस्तरणं अवघड. एका लग्नात चुलत आत्येचा आहेर चुकून कापला गेला, तर त्या बाईने पुढच्या गणपतीला त्या घरात पाऊल टाकलं नाही. म्हणून हे बसणं फार मनावर घेतलं जातं. घरातली जाणती बाई पाठवतात, किंवा नवऱ्याचा चुलता.

आणि कुंदनचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबडा. हार्ड डिस्क जुनी, आत तबकडी फिरणार, तिच्यावर सुई सरकणार, हवं ते शोधणार आणि मग कुठे चित्र पुढे येणार. एक तुकडा इकडचा तिकडे केला की स्क्रीनवर घड्याळ फिरत बसायचं. घड्याळ फिरायला लागलं की शेजारी बसलेलं माणूस बोलायला लागायचं. ही माझी नणंद, हिचा नवरा सोडून गेला. हा पुतण्या, दुबईला असतो, पण फोन करत नाही. मग डबा उघडायचा. सुक्या कोळंबीचे सोडे घातलेली वांगी, तांदळाची भाकरी, कधी हळदीच्या जेवणातलं उरलेलं मटण. "तू पन घे रं, एकटाच र्‍हातोस." एका दिवसाच्या कामाला चार दिवस लागायचे आणि चारही दिवस कुंदनच्या खोलीत माणूस असायचं.

दोन वर्षं मी त्याला सांगत होतो, एसएसडी घे, ती फास्टवाली हार्ड डिस्क. तो दुकानात येऊन विचारायचा, "खरंच पळेल का, शेठ?" मी त्याला फसवलं नाही, नीट समजावून सांगितलं. नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे कॉम्प्युटर उघडणं, शूटिंगमधलं हवं ते सापडणं, तुकडे सरकवणं हे सगळं झटक्यात होईल. शेवटी सगळं मिळून एक फिल्म बनवायला मात्र जवळपास पूर्वीइतकाच वेळ लागेल, कारण ते काम डिस्कचं नाही. बाजारातून तांदूळ पळत आणला म्हणून भात लवकर शिजत नाही. तो सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि "बघू" म्हणून निघून जायचा. मला वाटायचं, कंजूष आहे. एकदा मी तोंडावर तसं बोललोसुद्धा. तो म्हणाला, "फास्ट करून काय करू, शेठ? काम लवकर संपंल. मंग?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून मी तिकडे वळलो.

दोन हजार चौदाच्या लग्नसराईत न्हाव्याच्या मिथुनच्या लग्नाचं मिक्सिंग त्याच्याकडे आलं. मुलगी करंजाची, मुलगा न्हाव्याचा, दोन्हीकडे खंडीभर माणसं. मिथुनच्या आईला जिना चढवत नव्हता, म्हणून माणसं ओळखून द्यायला तिने आपल्या मुलीला धाडलं, मिथुनच्या बहिणीला, प्रांजलला. बीकॉम झालेली, बंदराकडच्या एका ऑफिसात कामाला. सुट्टीच्या दिवशी यायची आणि अधूनमधून ऑफिस लवकर सुटलं तरी यायची.

ती आली त्याच आठवड्यात कुंदन दुकानात आला आणि म्हणाला, "शेठ, द्या ती डिस्क."

"कोणती?"

"ती फास्टवाली."

मी म्हटलं, सूर्य आज पश्चिमेला उगवला. डिस्क दिली, दुसऱ्या दिवशी बसवायला येतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेचकस घेऊन गेलो तर खोलीत प्रांजल बसलेली. प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर पर्स, आणि समोर स्क्रीनवर घड्याळ फिरतंय. ती सांगत होती की हळदीच्या दिवशी तिच्या काकूने पातेलंभर सरबत कसं सांडलं, आणि हा हसत होता. कुंदनचे पुढचे दात किंचित वाकडे आहेत हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी कळलं. मला पाहून तो उठून दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "आज नको."

मी परत आलो. पुढच्या आठवड्यात गेलो, तेव्हाही "आज नको." डिस्कचा डबा मांडणीवर तसाच, त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. मी काही दुधखुळा नाही. संध्याकाळी तो दुकानात आला तेव्हा त्याला धरलं. "तिच्यापुढे या डबड्याची लाज वाटली म्हणून घेतलीस, आणि ती उठून जाईल म्हणून बसवत नाहीस. बरोबर?"

तो लाजला. पस्तिशीचा माणूस लाजला की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. मग म्हणाला, "शेठ, पयल्या दिवशी ती मला कुंदनदादा बोलली. सारखं दादा, दादा. आज आख्ख्या दिवसात एकदापन दादा बोलली नाय. नुस्तं 'ओ' बोलली."

"मग बोल की तिच्याशी. तीही कोळ्याची, तूही कोळ्याचा. घरात कुणी आडवं येण्यासारखं काय आहे?"

"बोलतो. डिस्क बसवायच्या आधी बोलतो."

तेव्हापासून तो भेटला की मी एकच विचारायचो, बोललास का? तो म्हणायचा, आज तिला काम होतं. आज तिचं डोकं दुखत होतं. आज बोलणार होतो तेवढ्यात लाइट गेली. मला त्याचा संताप यायचा. मी दुकान सोडून स्वतः जाऊन बोललो असतो, पण तो हात जोडायचा. "नको शेठ. माजं मला बोलू द्या." आयुष्यात एक गोष्ट त्याला स्वतःच्या तोंडाने मागायची होती. ती मी त्याच्यासाठी मागून टाकणं बरं दिसलं नसतं.

शिमगा जवळ आला. कोळ्यांच्या घरात नव्या सुनेला पहिल्या शिमग्याला माहेरी धाडतात, आणि ती जाताना लग्नाची डीव्हीडी बरोबर नेते. तिकडे मोठा टीव्ही ओट्यावर मांडून सगळी आळी बघते. मिथुन घाईला आला. मी त्या दिवशी तिथेच होतो, कुंदनच्या बिघडलेल्या माऊसच्या निमित्ताने. प्रांजलही नेहमीच्या खुर्चीवर होती. मिथुन दारातूनच म्हणाला, "कुंदन, तुजी वयनी रविवारच्या पुढं म्हायेरी जानार. डीव्हीडी तिच्यासंगं गेली पायजे. तुजा ह्यो डबडा जरा फास्ट होत नाय काय?"

कुंदनने मांडणीकडे पाहिलं. "नवी डिस्क आनलीय. बसवतो."

"मला म्हाईत हाय," प्रांजल म्हणाली. "येते तवा बघते तो डबा." आणि ती आपल्या नखांकडे बघत बसली.

तिला किती समजलं होतं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. कुंदनने तर तेव्हा तिच्याकडे पाहिलंच नाही.

मी डिस्क बसवली. जुन्यातलं सगळं नव्यात आणलं, बटण दाबलं आणि कॉम्प्युटर असा उघडला की कुंदन दचकला. शूटिंगच्या पट्टीवर कुठेही बोट ठेवा, चित्र हजर. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, मला बरं वाटलं. एखाद्या यंत्राला नव्या डिस्कचा इतका उपयोग झालेला मी फार वेळा पाहिलेला नाही. रविवारी प्रांजल येणार होती, निम्मं लग्न अजून बाकी होतं. मी म्हटलं, "आता तरी बोल." तो म्हणाला, "दुपारी जेवताना बोलतो. ती डबा आननार हाय, दोघांचा."

रविवारी संध्याकाळी मी गेलो. खोलीत तो एकटाच होता. टेबलावर स्टीलचा डबा, एक कप्पा खाल्लेला, बाकीचे तसेच. कोळंबीचं सुकं, भाकऱ्या, वर कांदा चिरून ठेवलेला. दोन माणसांचं जेवण.

"काय झालं?"

"झालं," तो म्हणाला. "सगलं काम झालं. जेवायच्या आधीच झालं. ती नाव सांगायची आन मी कापायचो, की लगेच फुडचं. बोलायला मधी वेलच नाय. मला वाटलं दुपार होईल. अकराला संपलं." मग म्हणाला, "ती बोलली, 'झालं पन?' मी बोललो, झालं. ती उभीच र्‍हायली. पर्स खांद्याला लावली, काढली, परत लावली. मी स्क्रीनकडं बघत व्हतो. मंग डबा ठेवला आन गेली."

मी त्याला नको नको ते बोललो. बावळट म्हटलं, तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस म्हटलं. तो सगळं ऐकून घेत होता. मग भाकरीचा तुकडा मोडून म्हणाला, "शेठ, बसा ना. थोडं खाऊन जा. एवढं मला नाय संपायचं." मी बसलो. खूप चांगलं जेवण होतं.

माझा समज होता की आता संपलं. पण त्याने दुसरंच मनात धरलं होतं. डीव्हीडी द्यायला अजून काही दिवस होते, आणि नव्या डिस्कमुळे सगळं शूटिंग वरपासून खालपर्यंत चाळणं सोपं झालं होतं. त्याने प्रांजलचा तुकडा न् तुकडा शोधून काढला. करवली म्हणून भावामागे उभी असलेली, हळदीचं ताट घेऊन गर्दीतून वाट काढणारी, वहिनीच्या पदराला पिन लावताना तोंडात दुसरी पिन धरलेली. बाकीच्या लग्नाला त्याने नेहमीसारखी फुलं पाडली, बदाम फिरवले, आकाशातून गुलाल उधळला. तिच्यावर यातलं काही टाकलं नाही. तिचं चित्र आलं की गाणं जरा खाली करायचा आणि चित्र नुसतं चालू द्यायचा, ती आपणहून चौकटीबाहेर जाईपर्यंत. मला दाखवलं तेव्हा मी ते पुन्हा लावायला सांगितलं. मला मिक्सिंगमधलं फारसं कळत नाही, पण त्या मुलीकडे कुणीतरी नीट बघितलंय एवढं कुणालाही कळलं असतं.

"ती घरी बघंल ना," तो म्हणाला, "तवा तिला कलंल. बोलायची गरज नाय."

हा शुद्ध मिक्सिंगवाल्याचा वेडेपणा. त्याला वाटलं, ही फिल्म एकटी प्रांजल बघणार. लग्नाची डीव्हीडी शंभर माणसं बघतात, आणि आमच्याकडे ती नुसती बघत नाहीत. ज्यांच्या घरात लग्नाचा मुलगा आहे अशा बाया तिच्यात मुली बघतात. पाहुण्यांत जाऊन मुलगी हेरण्यापेक्षा हे सोयीचं. थांबवता येतं, मागे नेता येतं, चालते कशी, मोठ्यांपुढे वाकते का, सगळं दिसतं. हे कुंदनला माहीत नव्हतं असं नाही. कितीतरी सोयरिकी त्याच्या डीव्हीडीवरून जमल्या होत्या, तो स्वतः कौतुकाने सांगायचा. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याच्या डोक्यात तेवढं आलं नाही.

शिमग्याला डीव्हीडी करंजाला गेली. टीव्ही ओट्यावर मांडला गेला. आणि पिन तोंडात धरलेली प्रांजल आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ही कोनाची पोरगी?"

पाडव्यानंतर मिथुन पेढे घेऊन आला, आधी कुंदनकडे आणि मग वाटेत म्हणून माझ्याकडे. प्रांजलचं जमलं होतं. मुलगा करंजाचा, स्वतःची बोट, घर मोठं. "कुंदनच्या मिक्सिंगमुलं जमलं," मिथुन मला मोठ्या आनंदाने सांगत होता. "पोराच्या आईनं तीन वेला माघं घेऊन बघितलं. आन प्रांजल बोलली, माज्या लग्नाचं मिक्सिंग पन कुंदननंच करायचं, दुसऱ्याला द्यायचं नाय." पेढा माझ्या हातातच राहिला. बिचारा मिथुन, त्याचा यात काय दोष? मी तोंड गोड केलं आणि शुभेच्छा दिल्या.

कुंदन महिनाभर माझ्याकडे फिरकला नाही. मी दोनदा गेलो, तर खोलीचं दार बंद आणि आत कुणाच्या तरी लग्नाचा बँड. तिसऱ्यांदा त्याने दार उघडलं. कोपऱ्यातल्या शेगडीवर त्याने चहा टाकला. मी निघताना तो एवढंच म्हणाला, "पत्रिका आलीय. माज्या नावाची."

तो लग्नाला गेला. मिक्सिंगवाला कधी लग्नाला जात नाही, त्याचं लग्न नंतर खोलीत लागतं. हा मात्र नवा क्रीम रंगाचा शर्ट घेऊन, चश्मा घरी ठेवून, उरलेले केस पाण्याने चोपून गेला. आहेराला काय दिलं ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. रांगेत उभं राहून स्वतःच्या हाताने दिलं, एवढं बोलला.

पंधरा-वीस दिवसांनी त्याचा फोन आला. दोन लग्नांचं शूटिंग एकदम आलंय, नवी डिस्क भरत आली, साठवायला आणखी एक मोठी बसवून द्या. मी गेलो तेव्हा शेजारच्या खुर्चीवर एक पांढऱ्या टोपीचे म्हातारे गृहस्थ बसलेले. करंजाचे तुळशीरामकाका, नवऱ्या मुलाचे चुलते. चालू होतं ते प्रांजलचं लग्न.

"मुलीकडून कुणी नाही आलं?" मी विचारलं.

"प्रांजलच्या आयनं फोन केलेला," कुंदन स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "बोलली, आमची मानसं तुला सगली ठावी हायेत, तुला वलखून द्यायला कोनाला धाडू?"

मी टेबलाखाली शिरलो आणि कॉम्प्युटरचं झाकण काढलं. वरती काका एकेक नाव घेत होते आणि कुंदन एकेक तुकडा लावत होता. काका त्याच्याकडे बघत नव्हते. या खोलीत येणारं माणूस मिक्सिंगवाल्याकडे बघत नाही, ते आपली माणसं बघायला आलेलं असतं. मधेच कुंदनचे पाय हलायचे थांबले, म्हणून मी मान वाकडी करून स्क्रीनकडे पाहिलं.

मांडवात कुंदन उभा होता. क्रीम शर्ट, चश्मा नाही. त्याने पाकीट पुढे केलं. तोवर प्रांजल दमून, खांदे पाडून उभी होती. याला बघून ती एकदम सरळ झाली आणि तोंडभर हसली. नवऱ्याच्या दंडाला धरून तिने त्याला काहीतरी सांगितलं, कुंदनकडे बोट दाखवून. बँड इतका जोरात होता की एक अक्षर ऐकू आलं नाही. कुंदन हात जोडून उभा होता आणि रांग मागे खोळंबली होती. मला त्या खोलीत पहिल्यांदाच रडू आलं.

तुळशीरामकाका पुढे वाकले. "ह्यो कोन?"

कुंदनने चित्र थांबवलं.

"आमचा तं नाय. मुलीकडचा हाय काय? तुला त्यांची समदी ठावी हायेत ना?"

मी टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. "अहो काका, हा..." एवढं बोललो तोच कुंदनने पायाने माझा हात दाबला. जोरात दाबला.

"नाय," तो म्हणाला. "मुलीकडचा पन नाय."

"मंग काढ त्याला. लय वेल उभा र्‍हायलाय."

जुनी डिस्क असती तर घड्याळ फिरत बसलं असतं. काकांनी कंटाळून इकडेतिकडे पाहिलं असतं, शेजारच्या माणसाकडे पाहिलं असतं, कदाचित ओळखलंही असतं. तसं काही झालं नाही. कुंदनने बटण दाबलं, आणि त्याच क्षणी प्रांजलसमोर हिरव्या साडीतली एक बाई उभी होती.

"ही माजी मेवनी," काका खुशीत म्हणाले. "हिला पुरी घे."

कुंदनने तिला पुरी घेतली.